पहिला पाखर

पाखर सिंगच्या गळ्यात हार पडत होते आणि त्याची थोरली बहीण चिंत कौर कपाळाला आठ्या घालून बसली होती.

गुरुद्वाऱ्याच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. नव्वदीच्या पुढच्यांच्या शंभर मीटर शर्यतीत पाखर सिंगनं सलग तिसऱ्या वर्षी सोनं आणलं होतं. वय त्र्याण्णव. सरपंच पुन्हा पुन्हा तो आकडा सांगत होता. शेवटी त्यानं माइक शहाण्णव वर्षांच्या चिंत कौरपुढं धरला. "बीबी, भावाला आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद आहेच," ती म्हणाली. "पण हा त्र्याण्णवचा कसा? हा झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ह्याची लंगोटं मी धुतलीत."

लोक हसले. म्हातारी बोलायला लागली की अशीच, असं सगळ्यांना वाटलं. पाखर सिंगही हसला. "बीबी, कागदावर आहे ना!"

"कागदावरचा पाखर मेला," चिंत कौर म्हणाली. "तुझ्या आधीचा. देवी आल्या होत्या त्याला. दोन वर्षांचा होता. तू झालास तेव्हा आईनं तेच नाव तुला ठेवलं, आणि त्याच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही म्हणाली. ती गेली, बाप्पू गेले. आता मी कुणाला भिऊ?"

माइक चालूच होता. पाखर सिंगच्या हातातली लस्सी कलंडून पांढऱ्या कुडत्यावर सांडली, तरी त्याला कळलं नाही. फौजेतल्या भरतीच्या वेळी गावच्या चौकीदाराच्या जन्म-मृत्यूच्या वहीतून बापानं जन्माचा उतारा आणला होता. उताऱ्यावर एकवीस वर्षं होती आणि पाखरला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. "खात्यापित्या घरचा दिसत नाही," म्हणून साहेबानं हसून छाती मोजली होती. त्याच तारखेवर नोकरी झाली, पेन्शन झाली. ती तारीख दुसऱ्याच लेकराची होती. आपल्याला एक भाऊ होता, हे त्याला आज, माइकवरून, सगळ्या गावासोबत कळलं.

चार दिवस तो शेताच्या बांधावर धावायला गेला नाही. सून जसमेल पिन्नीच्या लाडवांची वाटी पुढं करून समजावत राहिली. "बापूजी, सरकारी कागद म्हणतो तेच वय. बीबीचं वय झालंय. कोण विचारणार आहे?"

"मघ्घर सिंग विचारील," तो म्हणाला.

मघ्घर सिंग दोन तालुके पलीकडचा. वय खरोखरीच ब्याण्णव. तिन्ही वर्षं दुसरा आलेला. पाचव्या दिवशी पाखर सिंग नातवाच्या गाडीतून त्याच्याकडं गेला आणि तिन्ही पदकं त्याच्या खाटेवर ठेवली. सगळं सांगितलं. मी सत्त्याऐंशीचा आहे, म्हणाला. मला ठाऊक नव्हतं.

मघ्घर सिंगनं एक पदक उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग त्याचा आवाज फाटला. "ओय फौजी, तीन वर्षं मी माझ्या गुडघ्यांना शिव्या घातल्या! बायको होती तेव्हा म्हणायची, 'त्या पाखरला बघा, तुमच्यापेक्षा वर्षानं थोरला आणि कसा पळतो.' तेच म्हणत गेली ती. आता तिला जाऊन कोण सांगणार?"

"मी माफी—"

"ऊठ माझ्या खाटेवरून."

पदकं मात्र त्यानं परत दिली नाहीत. उशीखाली सारली.

पुढच्या वर्षी पाखर सिंगनं शर्यतीच्या अर्जाला चिंत कौरच्या अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. नोंदणीच्या टेबलावरचा माणूस चक्रावला. "बाबाजी, इथं लोक वय वाढवून आणतात. तुम्ही कमी करून?"

पंच्याऐंशीच्या गटात आठजण उभे होते. नावं पुकारली गेली. "पाखर सिंग!" पुकारा झाला, आणि 'हाजिर' म्हणायला त्याला क्षणभर उशीर झाला. हे नाव ज्याचं होतं तो दोन वर्षांचा होऊन गेला होता. त्याच्या वाट्याचं धावणंसुद्धा आपणच धावलो की काय, असं मनात आलं. पुकारणाऱ्यानं दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा तो रेषेवर गेला.

बंदुकीचा बार झाला. नव्वदीच्या शर्यतीत त्याच्या पुढं कधी कुणी नसायचं. आज चार पाठी दिसत होत्या, आणि जीव तोडून पळालं तरी त्या जवळ येत नव्हत्या. तो पाचवा आला. धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

कठड्याला मघ्घर सिंग उभा होता. सकाळीच त्यानं आपल्या गटात सोनं घेतलं होतं. वर्षभर तो पाखरशी एक शब्द बोलला नव्हता.

"कसं वाटतं मागून?" त्यानं विचारलं.

पाखर सिंगनं नुसती मान हलवली.

"हां," मघ्घर सिंग म्हणाला, आणि आपल्या पाण्याची बाटली त्याच्याकडं सरकवली.