दोन क्लीव्हलंडांच्या मधला मी

थॅड गुर्स्कीची आणि माझी पहिली भेट झाली ती तो माझ्या अंगावर पडला म्हणून. पडला म्हणजे असा, की मला वाटलं वाचनालयाची इमारतच कलली. आधी सूर्य दिसेनासा झाला. मग काळ्या लोकरीचा एक पडदा खाली आला, पाठोपाठ मिशा आल्या आणि नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या पोटावर तीन मण वजनाचा राष्ट्राध्यक्ष बसला होता आणि मलाच दरडावून विचारत होता, "तू पुढे होतास की मागे?"

"कुणाच्या?"

"माझ्या!"

"मला वाटतं, खाली," मी म्हणालो.

आमचं वेल्डन कॉर्नर्स बफेलोपासून तासाभरावर आहे. चार जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, आमच्याकडे देशाचे सगळे राष्ट्राध्यक्ष क्रमाने रस्त्यावरून चालतात. पुढे वॉशिंग्टन, शेवटी त्या वेळचे ताजे क्लिंटन, आणि प्रत्येकाच्या छातीवर आकड्याचा पट्टा. मी गावात बुटांचं दुकान टाकलं त्याच उन्हाळ्यात, ठेंगणा आणि दाढीवाला आहे एवढ्या भांडवलावर, मला तेविसावा राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन करून टाकण्यात आलं. थॅड होता ग्रोव्हर क्लीव्हलंड.

आणि घोटाळा या क्लीव्हलंडचाच आहे. हा गृहस्थ बाविसावा राष्ट्राध्यक्ष. पुढच्या निवडणुकीत तो हरला आणि हॅरिसन आला. चार वर्षांनी त्याने हॅरिसनला पाडलं आणि पुन्हा त्याच घरात जाऊन बसला. म्हणजे चोविसावाही तोच. पट्टे बेचाळीस, माणसं एक्केचाळीस.

शहाण्या गावाने दोन जाडे गृहस्थ शोधले असते. थॅडला ते मंजूर नव्हतं. "माणूस एक होता, तेव्हा एकच चालेल," तो म्हणायचा. त्याने बाविसाचा पट्टा उजव्या खांद्यावरून घेतला, चोविसाचा डाव्या खांद्यावरून, आणि आपली पद्धत बसवली. माझ्या पुढे चालायचं, लोकांना हॅट काढून दाखवायची, मग थांबून मला पुढे जाऊ द्यायचं, माझ्या मागे हॅट काढायची, आणि पुन्हा धावत पुढे. अख्ख्या मेन स्ट्रीटभर हा मला प्रदक्षिणा घालत असे. पहिल्या वर्षी कुणी मला हे सांगितलंच नाही, म्हणून मी वाचनालयापाशी बुटाची नाडी बांधायला वाकलो, आणि पुढचं वर आलंच आहे.

लोकांना काय दिसत असे देव जाणे. एक आजी मला म्हणाल्या, "तो जाडा पोलीस तुला इतका कशासाठी राखतो रे? काय केलंस तू?" मी थॅडला ते सांगितलं तर तो खूश झाला. "बरोबर ओळखलं त्यांनी! क्लीव्हलंड आधी आपल्याच भागाचा शेरीफ होता."

एरवी थॅड लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. हिवाळ्यात भट्टी बंद पडली की तो यायचा, जमिनीवर आडवा व्हायचा आणि भट्टीच्या आतून क्लीव्हलंड सांगायला लागायचा. पण त्याच्या डोक्यात पहिला क्लीव्हलंड आणि दुसरा क्लीव्हलंड यांची कायमची मिसळ झालेली. व्हाइट हाउसमधलं लग्न पहिल्या वेळचं, बोटीवर गुपचूप झालेली जबड्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या वेळची. थॅडच्या सांगण्यात नवरदेव बोटीवर चढायचा आणि जबडा काढून घेऊनच बोहल्यावर उभा राहायचा. आमच्या गावातल्या निम्म्या मुलांनी शाळेच्या पेपरात हेच लिहिलं आहे.

माझ्या तळघरात आला की आमचं ठरलेलं भांडण.

"हॅरिसन," तो आतून ओरडायचा. माझं नाव एल्टन आहे, पण ते त्याने कधी वापरलं नाही. "त्या निवडणुकीत मतं मला जास्त पडली होती!"

"आणि निवडून मी आलो."

"चोर! विजेचं बटण दाबायला घाबरणारा चोर! व्हाइट हाउसमध्ये वीज आली तर शॉक बसेल म्हणून दिवे तसेच ठेवून झोपायचास!"

"तू भट्टी बघ."

"तू मध्ये कडमडला नसतास ना, तर मला इतकं धावावं लागलं नसतं."

हे शेवटचं मात्र तो अर्धं खरं बोलायचा, कारण त्याचे गुडघे गेले होते. मी बुटांचा धंदा करतो. माणूस दुकानात शिरला की त्याच्या टाचेवरून मला गुडघा कळतो. थॅडच्या उजव्या बुटाची टाच एका बाजूने पार झिजली होती. एका जुलैत तर तो पेट्रोल पंपाच्या वळणावर बसला तो उठेना. बराच वेळ बाविसावा नाही, चोविसावा नाही, आणि मी एकटाच दोन्हीकडे बघत उभा.

पुढच्या वसंतात फायर हॉलमध्ये, म्हणजे बंबवाल्यांच्या सभागृहात, मिरवणूक समितीची बैठक झाली. अध्यक्ष लॉरेन स्ट्रोबेल. आयुष्यभर शाळेच्या बस वेळेवर सोडलेली बाई. तिने बीफ ऑन वेकचं सँडविच बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "थॅड, राजा, तू बावीस राहा. चोवीसला डेनी फॉकला घेऊ."

डेनी हार्डवेअरच्या दुकानात कामाला. इतका किडकिडीत की फावड्याच्या दांड्यांत उभा राहिला तर गिऱ्हाइकाने किंमत विचारावी.

"पोटाला उशी बांधीन," डेनी म्हणाला.

"म्हणजे लोकांना वाटणार क्लीव्हलंड दोन होते!" थॅड म्हणाला.

"दोनच आहेत ना? बावीस आणि चोवीस."

"आकडे दोन आहेत. माणूस एक!"

"मग आत्तापर्यंत एकूण झाले तरी किती?" डेनीने विचारलं, आणि सगळी समिती बोटं मोजायला लागली. तिघांची उत्तरं तीन आली.

लॉरेनने टेबलावर हात आपटला. "बदली माणूस देण्यात कमीपणा काय आहे? खुद्द क्लीव्हलंडने युद्धावर स्वतःऐवजी बदली माणूस पाठवला होता. पैसे देऊन!"

थॅड लाल झाला. "पाठवला! आणि तो कोण होता? पोलिश! मूळ पोलंडचा, आमचा माणूस! क्लीव्हलंडच्या जागी एक पोलिश लढायला गेला. आता एक पोलिश क्लीव्हलंड झालाय, तर तुम्ही त्यालाच बदली देता?"

थॅड हॅट हातात धरून बसला होता. दोन्ही पट्टे गेले तर उरतो एक लंगडणारा भट्टीवाला, हे त्याला कळत होतं, आणि मलाही.

मग मला ती नामी कल्पना सुचली. "थॅडने धावायचंच कशाला? तो सरळ, सावकाश चालेल. मी फिरेन. मी त्याच्या मागे असलो की तो बावीस, मी त्याच्या पुढे गेलो की तो चोवीस!"

समितीने डोळे मिटून हिशेब केला. दोघांना पटलं, बाकीच्यांना कळलं नाही, म्हणून ठराव मंजूर झाला. थॅडने माझा हात इतका दाबला की आठवडाभर मला गिऱ्हाइकाच्या पायात बूट सरकवता येईना.

चार जुलै उजाडला. थॅड हत्तीसारखा संथ आणि ऐटीत चालत होता आणि मी लोकरी कोटात त्याच्याभोवती माशीसारखा फिरत होतो. मागे जाऊन हॅट, पुढे येऊन हॅट. जीभ बाहेर. वाचनालयापाशी घडीच्या खुर्च्या टाकून एक जोडपं बसलं होतं.

"अगं, हा छोटा पुन्हा आला. दोनदा राष्ट्राध्यक्ष होता तो हॅरिसनच का?"

"हॅरिसन दोन होतेच की! एक आजोबा, एक नातू."

"मग हा आजोबा आहे की नातू?"

"आत्ता गेला तो नातू. हा बघ, किती थकलाय. हा आजोबा असणार."

"आणि तो जाडा?"

"तो एकदाच आहे."

थॅडने ते ऐकलं. चाल बदलली नाही, पण हॅट खाली आली ती पुन्हा वर गेली नाही.

मिरवणूक संपल्यावर तो फायर हॉलच्या पायरीवर लोगनबेरी सरबत घेऊन बसला. मी शेजारी कोसळलो.

"माझी दुसरी खेप तू खाल्लीस, हॅरिसन."

"अरे, मी तुझ्यासाठी धावलो!"

"धावलास म्हणूनच. जो धावतो तो दोनदा दिसतो." त्याने ग्लास माझ्या हातात दिला. "पी. मेलास तर बोटभर माणसाची तिरडी मला उचलावी लागेल, आणि माझे गुडघे गेलेत."

त्याची बायको बर्नडीन त्याचा क्लीव्हलंडचा कोट घडी घालून लॉरेनकडे घेऊन आली. पहिल्यांदा व्हाइट हाउस सोडताना क्लीव्हलंडच्या बायकोने म्हणे नोकराला बजावलं होतं, सामान जागचं हलवू नकोस, आम्ही चार वर्षांनी परत येणार. थॅडच्या घरात ही गोष्ट प्रार्थनेसारखी सांगितली जायची.

"कोटाला कात्री लावायची नाही, लॉरेन," बर्नडीन म्हणाली. "गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं की आम्ही परत येणार."

"हात लावणार नाही," लॉरेन म्हणाली. थॅड माझ्याकडे बघून मिशीत हसला.

नोव्हेंबरात गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ती दोघं मुलीकडे फ्लोरिडाला गेली आणि तिकडेच राहिली. कोट डेनीच्या मापाचा करून घेतला आहे.