परीक्षेपर्यंत मुक्काम

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या त्या सरकारी शाळेत कोणी हुशार असतं का?" तेवढ्यात तुमची बस आली, म्हणून आता नीट लिहिते.

साताऱ्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन मी सांगलीकडच्या या गावी आले, तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाते. ऊसवाल्यांची बरीच मुलं पिवळ्या बसने इंग्रजी माध्यमाला जातात, त्यामुळे आमचे वर्ग निम्मे रिकामे. दिवाळीनंतर जतकडचे मेंढपाळ कळप घेऊन येतात आणि बाकं भरतात. ही मुलं आपसात कानडी बोलतात, तोंडी हिशोबात भराभर उत्तरं देतात आणि खो-खोत कोणाला ऐकत नाहीत.

काही वर्षांपूर्वी त्यांच्यातली एक मुलगी पाचवीत होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा फॉर्म तिने हट्टाने भरला होता. पण शेतकरी कळप रानात बसवतात तो लेंडीखतासाठी, दोन-चार रात्री. मग दुसरं शिवार. परीक्षा आठवड्यावर आली आणि तिच्या वडिलांनी घोड्यावर सामान लादायला घेतलं. लांबच्या गावचं बोलावणं होतं. मुख्याध्यापिका आणि मी धावत गेलो.

"आवं बाई, मेंढरांस्नी परीक्षा कळती व्हय?" ते म्हणाले. "इथलं रान झालं बसवून."

 मुलीने मात्र दप्तर घोड्यावर ठेवू दिलं नाही.

आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, बांधावर उभे होते. "माझा ऊस कालच तुटलाय. माझ्या रानात बसवा. मग धाकट्या भावाच्या."

"सुभेदार, तुमचा नातू पिवळ्या बसनं जातो, आन् या शाळंची काळजी तुमाला?" गावातल्या एका शेतकऱ्याने टोमणा मारला.

"नातू जातो, मी जातो व्हय? माझी शाळा हीच हाय!"

वडील हसले आणि सामान उतरवू लागले. भावाचं रान झाल्यावर टोमणा मारणाऱ्यानेच कळप आपल्याकडे मागून नेला. परीक्षेला मुलगी सुभेदारांच्या स्कूटरवरून गेली आणि गुणवत्ता यादीत आली. इंग्रजीत गुण जरा कमी पडले, तो दोष शिकवणारीचा!

तेव्हापासून परीक्षा होईपर्यंत कळप गावच्याच शिवारात फिरवतात. ही रीत अजून चालू आहे.