मुलीचं लक्ष आणि आमची हिंदी

मध्यंतरी आमच्या घरात काही महिने मराठी बंद होती. जबलपूरसारख्या गावात तीन पिढ्या टिकवलेली भाषा आम्ही एका पालकसभेहून परत आल्यावर, चहा पिता पिता बंद करून टाकली.

मुलगी तेव्हा पाचवीत होती. वर्गशिक्षिकेनं आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, की ही वर्गात असून नसल्यासारखी असते. फळ्यावरचं अर्धंच उतरवते, नाव घेतलं की दचकते, डबा आणते आणि खायचा विसरते. दंगा मात्र अजिबात नाही. "ऐसे ही चला तो इसी क्लास में रोकना पड़ेगा," त्या म्हणाल्या, आणि मग सहज विचारलं, "घर पे मराठी बोलते हैं क्या?"

आम्हाला तेवढंच हवं होतं. मी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात आहे. आमच्याकडे नापास मालाला कारणाची चिठ्ठी लावली, की निम्मं काम झालं असं मानतात. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. लेकरू गोंधळणार नाही तर काय? चिठ्ठी मी मराठीला लावली आणि बायकोनं लगेच मान डोलावली, कारण त्यात आमच्यापैकी कोणाचाच दोष निघत नव्हता.

हिंदी आम्हाला काय नवी? बाजारात, ऑफिसात तीच. पण घरात बोलायला लागलो आणि पंचाईत झाली. लग्नाला इतकी वर्षं झालेली बायको मला "सुनिए जी" म्हणायला लागली, तेव्हा मी दोनदा मागे वळून बघितलं. तिला तर हिंदीत रागावताच येईना. "ऐसा मत करो बेटा" म्हणताना ती बँकेतल्या बाईसारखी वाटायची. माझ्या आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी देवाशी मराठीतच बोलीन, त्याला शाळेत नाही जायचं."

मुलीत फरक शून्य. मी म्हणायचो, "बेटा, जूते रखो, हाथ धोओ, टिफ़िन निकालो और कॉपी लेकर आओ." बराच वेळ काही हालचाल नाही म्हणून बघायला जावं, तर एक बूट पायात, एक हातात, आणि बाईसाहेब खिडकीवरची पाल बघताहेत. मी आवाज चढवायचो. ती घाबरून दुसराही बूट घालायची.

उलट एक गोष्ट बिघडली. शाळेतून आल्यावर आजीला सगळं सांगायची तिची सवय होती. कोण पडलं, कोणाच्या डब्यात काय होतं. ते हळूहळू थांबलं. एका दुपारी तिनं आजीला विचारलं, "आजी, मराठी माझ्यामुळेच बंद झाली ना?"

मी फॅक्टरीतून आलो तेव्हा आई दारातच उभी होती.

"काहून छळून राहिले रे त्या पोरीला? डॉक्टरला दाखवा तिला. तू तर नुसत्या मराठीतच वाढला. तुझं कुठं होतं लक्ष?"

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांची वेळ घेतली.

सदर बाजारात मुलांच्या मनाच्या आजारांच्या एक डॉक्टर बसतात. त्यांनी घाई केली नाही. आधी डोळे-कान तपासून आणायला लावले, झोपेचं विचारलं, हे केव्हापासून आहे, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, ते विचारलं, शाळेकडूनही माहिती मागवून घेतली. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी एडीएचडी असं नाव सांगितलं, म्हणजे लक्ष एका जागी टिकवण्यातली अडचण.

"पर ये तो उछल-कूद नहीं करती," मी म्हणालो.

"सब बच्चे उछलते नहीं. कुछ का बस ध्यान भागता है. लड़कियों में तो अक्सर छूट ही जाता है."

"और घर की मराठी?"

"मराठी ने आपका क्या बिगाड़ा है, भैया?"

मग त्यांनी विचारलं, घरात असं आणखी कोणी आहे का. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी खिशात स्कूटरची किल्ली शोधत होतो. ती स्कूटरलाच होती.

औषधाचं त्या म्हणाल्या, आधी हे करून बघू, गरज पडली तर त्याचाही विचार करू. 'हे' म्हणजे फार काही नाही. एका वेळी एकच काम सांगायचं, जवळ जाऊन, तिच्याकडे बघून. झालं की तिथल्या तिथे शाबासकी. अभ्यासाचे छोटे तुकडे, मध्ये थोडं पळून येणं. वर्गात खिडकीपासून लांब, पुढचा बाक. ऐकायला सोपं आहे. मला एका वेळी एकच वाक्य बोलायला शिकायला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले. दाराजवळ मी एक फळी ठोकली आणि फॅक्टरीत अवजारांच्या जागा रंगवतात तशा बाटली, डबा, ओळखपत्र यांच्या आकृत्या रंगवल्या. जागा रिकामी दिसली की तिला आठवतं. किल्लीची आकृती बायकोनं नंतर माझ्यासाठी रंगवून घेतली.

आणि मराठी सुरू झाली. बायको पहिल्याच दिवशी इतकी मनसोक्त रागावली, की मुलगी हसायला लागली.

वर्षाच्या शेवटी पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो, या वेळी मुलगीही सोबत होती. बायको पदराचं टोक पिळत होती. गणितात जेमतेम, पण सहावीत गेली.

"डॉक्टर का तो है ही," शिक्षिका खुशीत म्हणाल्या, "पर असली फ़र्क़ हिंदी से पड़ा. मैंने कहा था ना?"

बायकोनं टेबलाखाली माझा पाय दाबला. म्हणजे, गप्प बसा. पण मुलीचं लक्ष नेमकं त्याच वेळी जागेवर होतं.

"नहीं मैम, हम तो मराठी ही बोलते हैं. पापा बस अब एक बार में एक ही बात बोलते हैं."

बाहेर आल्यावर मला काय आनंद झाला होता! "चल, आजीला फोन लाव, बाटली घेतली का बघ, आणि—"

"बाबा, एक."

"बाटली," मी म्हणालो.

ती जिना चढून वर्गात गेली आणि बाटली घेऊन आली. दुसऱ्या हातात माझं हेल्मेट होतं.