फिक्श्चरखालचा हिरवा रंग

आमच्या कंपनीत चूक झाली की एक कागद भरावा लागतो. त्यावर पाच वेळा ‘का’ छापलेलं असतं आणि प्रत्येक ‘का’समोर एक रिकामी चौकट. पाच वेळा ‘का’ विचारलं की माणूस थेट मुळापर्यंत पोचतो, असं म्हणतात. चाकणच्या पट्ट्यात मी अठरा वर्षं क्वालिटीचं काम करतेय. असे किती कागद भरले त्याची गणती नाही, पण मुळापर्यंत गेलेला एकही पाहिला नाही. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ‘का’ला एखादा कंत्राटी माणूस हाती लागतो आणि खणणं तिथंच थांबतं. उरलेल्या दोन-तीन चौकटी मग जेवणानंतर पेंगत पेंगत भरल्या जातात.

रोज मोशीहून कंपनीची बस पकडायची आणि चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास डोकं धरून बसायचं, हे ठरलेलं. तिथला रस्ता दरवर्षी नवा होतो. कुणी मोठा माणूस येणार असला की वर डांबराचा काळाभोर थर पसरतात, खाली तोच चिखल, तीच चाळण. महिन्याभरात खड्डा जिथल्या तिथं हजर. बसमधले लोक खड्ड्याला शिव्या घालतात, खालच्या चिखलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वरचा थर बघून खूश होणाऱ्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. आणि नोकरी मी त्यांच्यातच करते.

ही गोष्ट त्या वर्षीच्या खंडेनवमीपासून सुरू झाली. आमच्याकडे खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि अर्धा दिवस काम बंद. मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू? लातूरला माझे वडील शिलाई मशीनची पूजा करायचे, तेव्हापासून आवडतं. पण आमच्या प्लँट हेड साहेबांना नुसती पूजा पुरेना. त्यांनी स्पर्धा लावली. ज्या लाइनची मशीनं सगळ्यात चकाचक, त्या लाइनचे फोटो कस्टमरला जाणार. हुकूम सुटला, कुठेही गंज दिसता कामा नये. साहेब स्वतः हात मागे बांधून फिरत होते आणि बोटानं दाखवत होते, इथं रंग मारा, तिथं मारा. मशीनच्या आत काय चालतं हे या गृहस्थांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं असतं.

आमच्या लाइनवर एक बोअरिंग मशीन आहे. त्यावर गाडीच्या एका भागाला भोक पाडतात, आणि तो भाग हलू नये म्हणून एका जाडजूड लोखंडी ठोकळ्यात पकडतात. त्या ठोकळ्याला फिक्श्चर म्हणायचं. त्याचं बूड घासून आरशासारखं सपाट केलेलं असतं, कारण ते मशीनच्या टेबलावर लोखंडाला लोखंड भिडून बसायला हवं. मधे धुळीचा कण चालत नाही. रंग मारणाऱ्यांनी तो ठोकळा मशीनवरून उतरवला, उलटा केला आणि बुडासकट सगळा हिरवागार करून टाकला. त्यांचा काय दोष? त्यांना कुठेही म्हणजे कुठेही असंच सांगितलं होतं.

मी तिथून जात होते. उलटा पडलेला तो ठोकळा कैरीसारखा चमकत होता. मी थांबले, मोबाइल काढला, फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपली लाइन एकदम झकास, आणि शेजारी दोन फुलं. डिप्लोमाला मटेरियलच्या पेपरात मी वर्गात पहिली आले होते. ती अक्कल त्या वेळी कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे.

फिक्श्चर पुन्हा बसवलं की त्याची बैठक तपासायची असते. खाली निळा, म्हणजे तपासणीची निळी शाई, लावायचा, ठोकळा टेकवून उचलायचा, आणि निळा कुठं उमटला ते बघायचं. तासाभराचं काम. त्या दिवशी आरती झाली होती, प्रसादाची पाकिटं हातात होती आणि बस गेटवर उभी होती. मी तपासणीच्या तक्त्यावर बरोबरची खूण केली, सही ठोकली आणि बस गाठली.

दसऱ्यानंतर आठवडाभरात कस्टमरकडून मालाची खोकी परत यायला लागली. भोक जागेवर नाही. फरक केसाच्या निम्म्यानंही नसेल, पण आमच्या धंद्यात तेवढ्यावर माल भंगारात जातो. आणि गंमत अशी की फरक रोज वेगळा. सकाळी एक, दुपारी दुसराच.

मशीनवर जो माणूस होता तो चाकणजवळच्याच एका गावचा. घरची जमीन केव्हाच गेली, त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या, आणि तसल्याच एका कंपनीत, म्हणजे आमच्यात, हा सात वर्षं कंत्राटावर. सात वर्षं म्हणायचं, पण मधे मधे ब्रेक देऊन घरी बसवायचं आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचं, म्हणजे कागदावर तो कायम कालच आलेला. त्या दिवाळीच्या आत त्याला परमनंट करायचं तोंडी ठरलं होतं. यादीत त्याचं नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं तेवढ्यावर घरी सांगूनही टाकलं होतं.

माल परत यायला लागला तसा तो एक दिवस माझ्याकडे आला. म्हणाला, जरा मशीनपाशी चला. मी गेले. त्यानं पान्याच्या मुठीनं फिक्श्चरवर ठोकलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, आवाज बद्द येतोय. खाली कायतरी हाय.”

मी हसले. म्हटलं, भाऊ, हे लोखंड आहे, बाजारातला माठ नाही वाजवून घ्यायला. बारीकशी हालचाल काट्यानं दाखवणारा डायल गेज आणून लावला, हातानं ठोकळा ढकलून दाखवला. काटा जागचा हलला नाही. बघा, मी म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. तो व्हय म्हणाला आणि कामाला लागला. त्या ‘व्हय’मध्ये माझ्याबद्दल काय होतं ते मला आत्ता कळतं.

मग मीटिंगा सुरू झाल्या. आठ माणसं, एसी, बिस्किटं. एक सल्लागार बोलावले होते. ते दोन तास माणसाच्या मानसिकतेवर बोलले आणि टाय सरळ करून निघून गेले. मशीन तिथून चाळीस पावलांवर होतं. एकानंही जाऊन बघितलं नाही. ते लोक जमिनीला पाय लावायला इतके का घाबरतात, मला कधी कळलं नाही. कागद माझ्यासमोर होता. भोक का चुकलं? भाग हलला. का हलला? पकड ढिली होती. का ढिली होती? इथं साहेबांनी खुर्चीत मागे रेलून सांगितलं, ऑपरेटरनं नीट आवळली नाही. आठही माना हलल्या, माझीही हलली. सही सोमवारी करते, मी म्हणाले.

रविवारी दुपारी मोबाइलची जागा भरली म्हणून मी शुभ सकाळची चित्रं पुसत बसले होते. पुसता पुसता तो फोटो समोर आला. उलटा ठोकळा, हिरवं चमकणारं बूड, खाली माझी दोन फुलं. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. रंग वाळला की नखाला कडक लागतो. पण तोच रंग दोन लोखंडांच्या मधे दाबून बोल्ट आवळले की तो हळूहळू दबतो, सरकतो, आणि बोल्टची पकड खाऊन टाकतो. हातानं ढकललं तर काही कळत नाही. कटर भिडला, खरा जोर लागला, की ठोकळा त्या थरावर डुलतो आणि कटर बाजूला झाला की पुन्हा जागेवर. वर दोन माणसांनाही न उचलवणारं लोखंड असेल, त्याची ताकद खालच्या रंगाइतकीच. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. आणि एका माणसानं तेच पान्यानं ठोकून ओळखलं तेव्हा मी दात काढले होते.

सोमवारी पहिल्या शिफ्टला मी मशीनपाशी गेले. त्याला म्हटलं, भाऊ, खोला. आम्ही बोल्ट काढले, साखळीनं ठोकळा उचलला. खालचा रंग कुठं चिरडून काळा पडला होता, कुठं पापुद्रे सुटून टेबलाला चिकटले होते. त्यानं एका शब्दानं मला टोमणा मारला नाही. थिनर आणला, पट्टी आणली, गुडघे टेकून दोन तास ते बूड आणि टेबल खरवडत बसला. मग आम्ही निळा लावून बैठक बघितली. जे काम मी खंडेनवमीला केलं असं लिहून दिलं होतं, ते तेव्हा झालं. त्यानं पुन्हा पान्यानं ठोकलं, आणि या वेळी मलाही फरक ऐकू आला. त्या दिवशीचा सगळा माल बरोबर निघाला.

हात पुसत त्यानं विचारलं, “मॅडम, आता कागदावर ह्येच लिवणार न्हवं?”

मी हो म्हणाले. म्हणाले तेव्हा मनापासून म्हणाले, एवढं तरी सांगू द्या.

तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. फोटो दाखवला, पापुद्रे टेबलावर ठेवले. साहेब रागावले नाहीत. चहा मागवला. मग फाइलमधून खंडेनवमीचा तपासणीचा तक्ता काढून माझ्यासमोर सरकवला.

“रंग लिहा ना, मी कुठं नाही म्हणतो? पण मग पुढचा ‘का’ येतो, मॅडम. बसवल्यावर बैठक कुणी तपासली? खाली सही कुणाची आहे?”

साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच पुढचा ‘का’ सुचला होता, आणि तो माझ्यासाठी. रंग मारायचा हुकूम कुणी दिला हा त्याच्याही पुढचा ‘का’ होता, तो त्यांना सुचला नाही, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. डेप्युटी मॅनेजर म्हणून माझं नाव त्याच महिन्यात वर गेलं होतं. इतकी वर्षं पुरुषांच्या हाताखाली काढून, त्यातल्या निम्म्यांना साधा व्हर्निअर धरता येत नसताना, मला ती खुर्ची हवी होती. मी चहा प्यायले आणि सही केली. तिसऱ्या ‘का’समोर ऑपरेटरचा निष्काळजीपणा, आणि उपायाच्या चौकटीत, ऑपरेटर बदलला.

दिवाळीला त्याला ब्रेक दिला आणि पुन्हा बोलावलंच नाही. यादीतून नाव कधी उडालं ते त्याला कुणी सांगितलंही नाही. तो भांडायला आला नाही. गेटवरच्या माणसाकडं एवढंच बोलला म्हणे, की मॅडमनी खरं लिहिलं होतं, वरच्यांनी फिरवलं असणार.

पुढं तर कहरच झाला. त्याच्या जागी दुसरा आला आणि माल अर्थातच बरोबर निघत राहिला, कारण खाली रंग नव्हता. आलेखावर रेघ अशी सुंदर दिसू लागली की बघत राहावं. माणूस होता तोवर दोष, माणूस गेला की दोष गायब. कस्टमरनं शाबासकीचं पत्र धाडलं. साहेबांनी तो आलेख नव्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये घातला, माणूस गेला तिथं लाल बाण काढून. ट्रेनिंग डेप्युटी मॅनेजरनं द्यायचं असतं, म्हणजे आता मी. इतका नेटका खोटारडेपणा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो माझ्या सहीचा होता. साहेबांना मी किती नावं ठेवली, पण ते निदान अडाणी होते. मला सगळं कळत होतं.

चार महिन्यांनी तळेगावच्या एका कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आमच्या त्या काढलेल्या ऑपरेटरनं अर्जावर चौकशीसाठी माझं नाव दिलं होतं. सात वर्षांत ओळखीचं म्हणून त्याला तेवढंच नाव सुचलं. कामाला कसा आहे, त्यांनी विचारलं. उत्तम, मी म्हणाले, असा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. मग सात वर्षांनी काढलं का, असं त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात. खरं सांगायला मला दोन वाक्यं लागली असती.

“मला कल्पना नाही,” मी म्हणाले. “ते वरून ठरतं.”

आठवड्यानं त्याचा मेसेज आला. मॅडम, काम झालं. कंत्राटावरच हाय, पन झालं. तुमच्या शब्दामुळं झालं, उपकार इसरनार न्हाई. मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवलं, मोबाइल खिशात टाकला आणि ट्रेनिंगच्या खोलीत गेले. तीस नवी माणसं बसली होती. मी दिवा मालवला आणि लाल बाणाचा आलेख पडद्यावर लावला.