रेक्टिफायरला घातलेला स्वेटर

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांचे हार्नेस बांधायचे. हार्नेस म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या वायरींचा जुडगा. सात वर्षं तेच काम: वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबायचं, ओढून बघायचं, वरून कापडी टेप मारायची. कुठे काही उघडं दिसलं की पीस रिजेक्ट. ही सवय इतकी हाडात गेली की घरच्या मिक्सरच्या वायरीलाही मी टेप मारून ठेवली होती.

मी कॉन्ट्रॅक्टवर होते. कंपनीची बस पर्मनंट लोकांसाठी. रहाटणीहून सातच्या शिफ्टला पोचायचं म्हणून जुनी मोटरसायकल घेतली. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात पगार फक्त माझा होता, आणि आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कंपनीचा नियम साधा होता: तिसऱ्यांदा उशीर झाला की गेटपास जमा.

गाडी आणली त्याच रविवारी साइड कव्हर काढलं. आत वायरी बेवारशी लोंबत होत्या. दुपारभर बसून मी सगळं बांधून काढलं. बॅटरीजवळ रेक्टिफायर असतो, इंजिनाकडून येणारा करंट बॅटरीला झेपेल एवढा करून देणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याला कंगव्यासारखे दाते असतात. चिखलपाणी लागायला नको म्हणून त्यालाही टेपचे तीन थर दिले. काम देखणं झालं होतं.

दोन आठवड्यांनी मोशीच्या अलीकडे जळका वास आला आणि गाडी बंद पडली. तिथल्या मेकॅनिकने बॅटरी बदलली. पहिला उशीर. महिन्याभरात पुन्हा तेच. या वेळी त्याने रेक्टिफायर बदलला आणि नवा तसाच उघडा बसवून दिला. दुसरा उशीर. 'किती ढिसाळ माणूस,' म्हणत घरी येऊन मी त्यालाही टेप मारली.

त्यानंतर रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी वाकून जळका वास येतो का बघायचे. सिग्नलला थांबले की हात साइड कव्हरवर. कव्हरसुद्धा तापलेलं असायचं. नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो पलंगावरून काय करणार होता?

तिसऱ्यांदा गाडी मेली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तीच मोशी. अर्धा किलोमीटर ढकलत नेली. गॅरेजचं शटर बंद, पण मेकॅनिक मागेच राहायचा. मी शटर बडवलं. तो तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

"ताई, आज पुन्यांदा?"

"सातला गेटवर पोचले नाही तर नोकरी गेली. काहीही करा."

त्याने कव्हर काढलं आणि ब्रश खिशात ठेवला.

"हे कुनी बांधलं?"

"मी. का?"

"आवो, रेक्टिफायरला स्वेटर घातलाय तुमी! हे दाते कशाला हायेत? वारा लागाया. आधीच ते तापतं. वरून गोधडी घातली तर मरंल न्हाई तर काय?"

"पहिल्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तवा मला वाटलं, आधीच्या मालकाचं येडं काम असंल. म्हनून तर नवा उघडा बसवला."

त्याने टेप फाडली. खालचा ठोकळा हात लावू देईना. शेजारचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारं प्लास्टिक, वितळून वायरींना चिकटला होता. तो कापून वायरी पिळून जोडायला निघाला.

"पिळायचं नाही," मी म्हणाले. "टर्मिनल आहेत?"

"घ्या. कंपनीवाल्या तुमी."

पाच वायरी. प्रत्येक टर्मिनल दाबून ओढून बघितलं. रेक्टिफायर निवेपर्यंत त्याने ओलं फडकं लावून ठेवलं, स्वतःच्या गॅरेजमधली चार्ज केलेली बॅटरी बसवली, बॅटरीवर जादा भार नको म्हणून हेडलाइटचा सॉकेट काढला. गाडी सुरू झाली. त्याच्या मीटरचा काटा चौदा व्होल्टवर स्थिर, म्हणजे चार्जिंग नीट. सहा त्रेपन्न.

मोशी ते आमचं गेट सात मिनिटांत होत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी कंटेनरांच्या मधून गाडी घातली. आयुष्यात तशी कधी चालवली नव्हती.

सात तेरा. गेटवर हजेरीचं कार्ड लागलं नाही. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस केबिनबाहेर आला.

"मॅडम, कारण?"

पंक्चर म्हणता आलं असतं. "गाडीला मी चुकीच्या जागी टेप मारली," म्हणाले.

"सात वर्षं टेप मारताय ना?" त्याने हात पुढे केला. मी गळ्यातला गेटपास काढून दिला.

बाहेर येऊन कव्हर काढलं आणि रेक्टिफायरला हात लावला. कोमट होता. वायरी उघड्या दिसत होत्या, डोळ्यांना खुपत होत्या. डब्याच्या पिशवीत टेपचं रीळ होतं. ते गेटजवळच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकलं.

त्याच रस्त्याला पुढे आणखी दोन कंपन्या हार्नेस बनवायच्या. आठला त्यांच्या गेटवर भरतीसाठी बायका उभ्या राहायच्या. मी गाडी तिकडे वळवली.