मंडपवाल्याचा पंख

अमरावतीच्या राजापेठेत मोतीराम मंडपवाल्याला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. वावटळ येवो की गारा पडोत, त्यानं ठोकलेली खुंटी हलायची नाही. अन् याच माणसाच्या डोक्यात उडायचं खूळ शिरलं, आता बोला.

झालं असं की चौसष्ट साली रद्दीतल्या एका विलायती मासिकात त्याला एक फोटो दिसला. समुद्राकाठची टेकडी, खाली लाटा, अन् वर तिकोनी कापडी पंखाला लोंबकळणारा माणूस. शेजारच्या मास्तरांनी खालचं इंग्रजी वाचून सांगितलं, की समुद्रावरचं वारं टेकडीला धडकून वर चढतं अन् पंखाला उचलून धरतं. मोतीराम म्हणाला, "कापड, बांबू अन् वारं. हे तं मह्या घरचंच काम हाय." वऱ्हाडात समुद्र कुठून आणणार? पण चिखलदऱ्याला कडा होता, कड्याखाली दरी होती. आयुष्यात एकदा जमीन सोडायची, बस, एवढंच त्याचं मागणं. तेवढंही सरळ पदरात पडेल तर शपथ.

पहिली अडचण सवडीची. लगनसराईत त्याला मान वर करायला फुरसत नसायची. उरला पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कोणी शुभकार्य करत नाही, मंडपवाले माश्या मारत बसतात. तेव्हा हा एस.टी.च्या टपावर बांबू-कापड चढवून निघायचा. सोबत बायकोचा भाऊ चंद्रभान, वीस वर्षांपासून त्याच्याच हाताखाली राबणारा. कंडक्टर दरवर्षी विचारायचा, "पितरपाठात लगन कोनाचं हाय बाप्पा?" मोतीराम नुसता दातओठ खायचा.

पहिल्या वर्षी कापडातून वारं निसटू नये म्हणून त्यानं पंखाला चिंचोक्याची खळ दिली. अमरावतीच्या उन्हात कापड ढोलकीसारखं ताठ झालं होतं. चिखलदऱ्याच्या धुक्यानं दोन तासांत सगळी खळ ओघळली अन् पंखाचं पोतेरं झालं. दुसऱ्या वर्षी मेण चोपडलं, तर वारं पाठीमागून, पठारावरून. आठ दिवस तो कड्यावर बसून वाऱ्याला शिव्या घालत होता. वारं काही तोंड फिरवेना.

तो परत आला तेव्हा त्याची बायको शकुन उंबऱ्यातच उभी होती. "पोरीच्या लग्नाचं बोलनं चालू हाय," ती म्हणाली, "अन् बाप कड्यावरून उडी घ्याले जाते, असं लोक म्हनतेत. आनखी एक वर्ष. मंग पंखाचं नाव नाई. शालूची आन घ्या." लेकीची शपथ घेताना त्याला स्वतःचीच कीव आली. पण घेतली.

सहासष्टच्या पितृपक्षात पहिले पाच दिवस धुक्यात गेले. सहाव्या दिवशी सकाळी धुकं फाटलं, अन् दरीतून गार वारं वर चढून सरळ तोंडावर आलं. फोटोतल्यासारखंच. त्यानं पंख खांद्यावर घेतला. पंख डगमगू नये म्हणून मागच्या टोकाला दोर बांधला होता, तो धरून चंद्रभाननं मागे धावायचं होतं. "मी सोड म्हनलं का सोडजो." "हो जी." पाच दिवसांत हे चाळीसदा घोकून झालं होतं.

मोतीराम धावला. सात पावलं, आठ पावलं. कापड फुगलं, बांबू करकरले, अन् पाय जमिनीला लागेनात. "सोड," तो ओरडला. तेवढ्यात जोराचा झोत आला, अन् मागून असा हिसका बसला की पंख जागीच उलटला. मोतीराम कड्यापासून दोन हात अलीकडे पाठीवर आपटला. मधला बांबू काडकन मोडला.

त्यानं वळून पाहिलं. चंद्रभाननं दोराचे दोन वेढे कमरेला घेतले होते, टाचा मातीत रोवल्या होत्या अन् डोळे मिटून तो मागे रेलला होता. वादळात मंडप धरतात, तसा.

"काहून नाई सोडला बे?"

चंद्रभान रडकुंडीला आला. "मले समजलंच नाई, भाऊजी. झोत आला अन् हात आपोआप आवळले."

मोतीरामनं मारायला हात उचलला अन् तसाच खाली घेतला. कौंडण्यपूरच्या जत्रेत याच चंद्रभानच्या हातून एकदा दोर सुटला होता अन् कनात वर्धेच्या पात्रात गेली होती. तेव्हा चार लोकांदेखत दोन थोबाडीत देऊन मोतीरामनंच त्याला बजावलं होतं, मेला तरी दोर सोडायचा नाही. आता कोणाला मारायचं?

घरचे मंडपाचे बांबू पंखाला जड. मेळघाटात बांबूला तोटा नाही, पण तो ओला. वाळवून, शेकून पंखाजोगा व्हायला दोन महिने लागणार, तोवर शपथेची मुदत संपलेली. अन् वारं तर दिवसभर फिरलं नाही, तसंच सरळ, तसंच मजबूत. दोघं कड्यावर बसून राहिले. भाकरी सोडली, अन् तशीच परत बांधून ठेवली. चंद्रभानच्या हाताखाली पंखाचं सुटं कापड फडफडत होतं.

तो हळूच म्हणाला, "याले सोडून देऊ का, भाऊजी? हे तरी जाऊ द्या."

मोतीराम म्हणाला, "धर नीट. तीस वार कापड हाय. कार्तिकात लगनं सुरू होतीन."

अन् वाऱ्यानं उचललेलं दुसरं टोक त्यानं स्वतःच्या पायाखाली दाबलं.