विद्युलताचा उभ्याने काढलेला कोलम

विद्युलता मिरजेहून इकडे तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरला मुलाकडे राहायला आली, तेव्हा लोणच्याच्या बरणीइतकीच जपून आणलेली एक पिशवी तिच्या सामानात होती, रांगोळीची. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. सोसायटीत सत्तरी ओलांडलेल्या मराठी बायका आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री होण्यावाचून इलाज नव्हता.

मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, इथे दारोदारी मोठमोठे कोलम, म्हणजे इथल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या, काढतात आणि आमच्या सोसायटीत त्यांची स्पर्धा होते. विद्युलता दर वर्षी भाग घ्यायची आणि दर वर्षी पहिल्याच फेरीत बाद व्हायची. इतकी रेखीव रांगोळी, आणि बाद!

"मराठी आहोत ना आपण, म्हणून," ती म्हणायची. "राजकारण आहे हेमा, शुद्ध राजकारण."

"कोलमात कसलं राजकारण?"

"तू गप्प बस. तुला क्रोशाशिवाय काही कळत नाही."

ते खरंच होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला क्रोशाच शिकवला होता.

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मिरजेहून बहिणीचे फोनवर फोन. "परमुलखात डोळा कापून घेऊ नकोस गं. डॉक्टर काय म्हणतोय ते तरी कळेल का तुला?"

"कापू दे. यंदा मला नंबर काढायचाय!"

ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर खाली वाकायचं नाही. स्पर्धा होती मार्गळीच्या पहिल्याच रविवारी. विद्युलताने दोन दिवस अबोला धरला, डॉक्टरांशी, देवाशी आणि माझ्याशी.

तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून ती माझ्याबरोबर खाली फिरायला आली आणि तळमजल्यावरच्या अलमेलू मामींच्या दारात थबकली. मामींचा कोलम नुकताच काढून झाला होता. विद्युलताने चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"हेमा! रेघ ठिपक्याला लागतच नाहीये!"

ठिपक्यांची रांगोळी म्हटली की आपण ठिपके जोडतो. स्पर्धेतल्या कोलमात मात्र रेघ ठिपक्यांच्या भोवती वळसे घेत जाते. ठिपका जोडायचा नाही आणि एकही वळशाबाहेर ठेवायचा नाही. इथे आल्यापासून धुरकट डोळ्यांनी विद्युलताला हे कधी दिसलंच नव्हतं.

"मामी, तुम्ही सांगितलं का नाही मला?"

मामी संकोचल्या. "आम्हाला वाटलं, तुमच्या गावची पद्धत. तिला कशी नावं ठेवायची?"

विद्युलता इतकी हसली की सून कीर्ती वरून धावत आली. "आई, डोळ्यावर ताण येईल!"

"येऊ दे गं! राजकारण नव्हतं! मीच चुकत होते!"

आता प्रश्न वाकण्याचा. मुलगा हेरंब सिरुसेरीला मोठ्या कंपनीत आहे, पण त्याचं डोकं खरं चाललं ते त्या शनिवारी. त्याने नळाचा एक लांब पाइप आणला, वर नरसाळं बसवलं, खाली बारीक भोक ठेवलं. पाइप हलवला की पांढरी भुकटी पडायची. पहिल्यांदा ती सगळी त्याच्या ऑफिसच्या बुटांत पडली. मग दोन आठवडे गच्चीवर सराव चालला. पुढे विद्युलता, मागे डोळ्यात घालायचे थेंब घेऊन कीर्ती.

स्पर्धेच्या सकाळी सोसायटीतल्या सगळ्या तमिळ मामी वाकून कोलम काढत होत्या आणि त्यांच्या मधोमध विद्युलता, काळा चष्मा, नऊवारी, ताठ पाठ, हातात पाइप. वॉचमनने तर सलामच ठोकला. रेघ वळत गेली, गुंतत गेली आणि निघाली होती तिथे येऊन मिळाली. परीक्षक बाईंनी पाहिलं, मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या कोलमाकडे वळल्या.

विद्युलताने चष्मा वर केला.

"अहो मॅडम! थांबा, थांबा! तो बघा, कोपऱ्यात! एक ठिपका बाहेर राहिला!"

कीर्तीने तिचा पदर ओढला. "आई, गप्प बसा ना! त्यांनी पाहिला नव्हता!"

"त्यांनी नसेल पाहिला, मी पाहिला! इथून, उभ्याने! केवढासा आहे, आणि मला दिसतोय!"

मॅडम परत आल्या, त्यांनी पाहिलं, हसल्या आणि वहीतलं खोडलं. विद्युलता नेहमीप्रमाणे पहिल्या फेरीत बाद झाली. त्यानंतर तिने दोन द्रोण गोड पोंगल खाल्लं आणि दर येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात धरून त्याला तो ठिपका दाखवला. मला तर तीनदा.